डबल बेल

लॉटरीच्या निधीतून गावाला चार लाख दहा हजार आले
आणि समितीत मला खजिनदार केलं,
का, तर एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो,
सुट्ट्या पैशांत कधी चुकलो नाही.
(एकदा चुकलो. कणकवली डेपो, आठ रुपये. भरले.)

टेबलावर अर्ज सतरा.
शाळेला पत्रे. स्मशानाला पत्रे.
गळतं दोन्हीकडे, पण एकीकडची माणसं तक्रार करत नाहीत,
सरपंच म्हणाले, आणि शाळेचे मंजूर झाले.
भजन मंडळाला नवी पेटी,
जुनीची काळी चार दाबली की उठतच नाही.
क्रिकेटवाल्यांना टी-शर्ट, पाठीवर देणगीदाराचं नाव.
देणगीदार कोण रे, विचारलं
तर पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

मला ठाऊक होते देणगीदार.
स्टँडवर पास्कू फर्नांडिसची टपरी,
दोरीला चिमट्यांनी लावलेली तिकिटं
खारवताना सुकट वाळावी तशी.
मीच परत दिलेले सुटे पैसे मुठीत घेऊन
लोक तिथे उतरायचे, आकडा निवडायचे:
होडीचा नंबर, मुलीची जन्मतारीख,
कोर्टाच्या केसचे शेवटचे तीन.
रात्री गाडी झाडताना सीटखाली सापडायची
चार तुकडे केलेली.
माझं तिकीट निदान
माणसाला आचऱ्यापर्यंत तरी न्यायचं.

अठरावा अर्ज कागदावर नव्हता.
इंदुमती खवळे दारात उभी,
लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कडेवर तिसऱ्यांची पाटी,
पाणी ठिबकत होतं पंचायतीच्या नव्या लादीवर.
"घंटा होयी," म्हणाली. "खाडयेर."
वाकलं की भरती दिसत नाही.
ती पाठीमागून येते, पाय न वाजवता.
गेल्या श्रावणात रुकय्याची सून
छातीभर पाण्यात, पाटी डोक्यावर,
पाटी सोडवेना.

मंडळ नोंदणीकृत आहे का?
लेटरहेड? तीन कोटेशनं?
ती पाटी खाली न ठेवता म्हणाली,
"माझ्या घोवान एकोणीस वर्सां तिकिटां घेतल्यान.
एक दिस लागूक नाय.
ह्ये पैशे खंयसून इले ता माका म्हायत आसा.
मागूक नाय इलंय मी. न्हेऊक इलंय."

पंखा फिरत होता. कोणी वर बघत होतं, कोणी लादीकडे.
मी बेरीज पुन्हा केली, नेहमीच्या सवयीने खालून वर.
पत्रे, पेटी, टी-शर्ट, कमान
(कमानीला एक लाख ऐंशी गेले, यावर मी इथे बोलत नाही),
शिल्लक तीन हजार चारशे चाळीस.
मालवणात भंगारात फुटलेल्या ट्रॉलरची घंटा होती,
पितळेची, एका कडेला चीर.
साडेतीन हजार. एक पैसा कमी नाही.
वरचे साठ पास्कूने काढून दिले.
"माझा कमिशन," म्हणाला, आणि हसला नाही.

आता खाडीवर सुरूच्या खांबाला ती टांगलीय.
दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं,
निवृत्त माणूस, भरतीचं कोष्टक पाठ.
पहिल्याच दिवशी हात आपोआप गेला:
एक बेल थांबायची, दोन निघायच्या.
चिरेमुळे आवाज जरा घोगरा येतो,
सर्दी झालेल्या माणसाने हाक मारावी तसा.
तरी चिखलातल्या बावीस पाठी सरळ झाल्या.
एकवीस निघाल्या.

फॉर्मात रकाना आहे: लाभार्थी संख्या.
तो मी अजून कोराच ठेवलाय.
भरायचं म्हटलं तर टपरीपासून मोजावं लागेल,
फाडलेल्या तिकिटांपासून,
आणि तिथली बेरीज मला जमत नाही.
शिवाय बाविसावी इंदुमती
अजून एक मूठ, अजून एक मूठ करत वाकलेलीच,
पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलंय,
आणि मी पुन्हा दोरी धरतो,
ड्रायव्हर ऐकत नसला की
धरायचो तशी.